पुन्हा मार, होईल चालू

१

सासरे गेले आणि त्यांच्या मरणाचं खापर सुनेच्या डोक्यावर फुटलं.

"आत्या, मी त्यांना मारलं असं म्हणतायत सगळे," भाची दारातच म्हणाली. हातात एक बॅग, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला. घराबाहेर काढलेलं माणूस असंच दिसतं.

आत्याने तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि दार जरा जोरातच लावलं. भाचीचे आईवडील नव्हते. लहानाची मोठी आत्यानेच केली होती. तंत्रशाळेत इंजिनं शिकवण्यात आत्याची उभी हयात गेलेली. विद्यार्थी तिला पाठीमागे 'फौजदार' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"रडून झालं की पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "काही गाळू नकोस."

भाचीने सांगितलं. गेल्या आठवड्यात, सासरे गेले त्याच्या आदल्या दिवशी, तिचा नवरा आणि दीर, दोघे भाऊ एका मित्राच्या गाडीतून बाहेरगावी गेले होते. घरची गाडी घरीच होती. सकाळी सासऱ्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेला फोन केला, तर पुलावर कोंडी आहे, वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. सासूबाई आणि तिने मिळून त्यांना मागच्या सीटवर निजवलं. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हिने किल्ली फिरवली.

"नुसती घरघर, आत्या. इंजिन पकडतच नव्हतं. ह्यांनी शिकवलं होतं, सेल्फची किल्ली धरून ठेवू नकोस, बॅटरी बसेल. म्हणून मी सोडायचे, पुन्हा मारायचे. मध्येच ह्यांना फोन केला. म्हणाले, 'पुन्हा मार, होईल चालू.' मी मारत राहिले. दर वेळी वाटायचं, आता होईल, आता होईल. शेवटी झाली चालू. पण तोवर..."

तोवर उशीर झाला होता. इस्पितळातला डॉक्टर सहज बोलून गेला, जरा आधी आणलं असतं तर वाचले असते. त्याने वाक्य बोलून हात धुतले. घराला मात्र ते वाक्य पुरून उरलं.

दुपारी भाऊ परतले. इस्पितळातून गाडी नवऱ्याने घरी आणली. ती दारात उभी राहते न राहते तोच दिराने किल्ली हिसकावली, स्वतः बसला, फिरवली. गाडी एका फटक्यात चालू! साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं तो ओरडला, "वहिनी, गाडी तर ठणठणीत आहे! मग सकाळी काय झालं होतं तिला?"

"आणि आदल्या संध्याकाळी माझं सासऱ्यांशी भांडण झालं होतं. मी नोकरी सोडावी म्हणून. गल्लीने तेही ऐकलं होतं."

"म्हणजे तू मुद्दाम वेळ काढलास, असं?"

भाचीने मान हलवली.

"आणि जावईबापू काय म्हणाले?"

"काहीच नाही. खाली मान घालून बसले होते. वडील गेलेत त्यांचे."

आत्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. बायकोला लोक खुनी म्हणतात आणि हा खाली मान घालून बसतो! पण तिने जीभ आवरली.

"मला तिथे परत नांदायचं की नाही ते मी मागाहून ठरवीन," भाची म्हणाली. "आधी माझ्या कपाळावरचं हे पुसलं गेलं पाहिजे."

"ऊठ," आत्या म्हणाली. "माणसं हवं ते बोलतील. इंजिन खोटं बोलत नाही."

हे वाक्य तिला लवकरच गिळावं लागणार होतं.

२

दिराचं घरातलं नाव भोंगा. ते नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. समोर उभ्या माणसाशीही तो मैदानात सभा असल्यासारखा बोलायचा.

"या, या! भाचीची वकिली करायला आलात ना?" आत्या भाचीला घेऊन पोचली तशी त्याने दारातच सुरुवात केली. "करा! पण गाडी मी स्वतः चालू करून बघितली आहे!"

"मी तुम्हाला काही विचारलं का?" आत्या म्हणाली. "विचारीन तेव्हा बोला. गाडीत मागे एवढाले स्पीकर कुणी बसवलेत?"

भोंग्याचा आवाज निम्म्यावर आला. "मी. गेल्या महिन्यात."

आत्याला वाटलं, चोर सापडला. स्पीकर रात्रभर बॅटरी पितात आणि सकाळी इंजिनाला फिरायला जोर राहत नाही, हे दुखणं तिने पुष्कळ पाहिलं होतं. तिने भाचीला बाजूला घेतलं. "घरघर कशी होती? दमलेली, रडत रडत होणारी? की जोरदार?"

"जोरदार. शेवटपर्यंत जोरदार."

म्हणजे बॅटरी नव्हे. भोंगा सुटला, याचं आत्याला वाईटच वाटलं. तो दोषी निघाला असता तर किती बरं झालं असतं!

स्वयंपाकघरात सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. खिडकीखालीच गाडी उभी राहायची. आत्या त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"विहीणबाई, तुमच्या मनाला काय वाटतं?"

"माझ्या मनाचं कोण विचारतं?" सासूबाईंचा आवाज कोरडा होता. "पण मी खोटं बोलणार नाही. रोज सकाळी थोरला कामावर निघतो तेव्हा मी इथेच असते. टिंग होतं, जरा वेळाने पुन्हा टिंग होतं, मग गाडी चालू होते. रोज तसंच. त्या दिवशी मी मागे बसले होते, ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. टिंग एकदाच झालं. मग नुसती घरघर."

"म्हणजे?"

"म्हणजे हिने किल्ली नीट फिरवलीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "मुद्दाम की घाबरून, ते देव जाणे. पण नीट फिरवली नाही एवढं खरं."

दारात भाची उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

३

आत्याने त्या रात्री गाडीची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली आणि कुणालाही गाडीला हात लावू दिला नाही. गाडी रात्रभर गार पडू दे, सकाळी सगळ्यांसमोर चालू करू, असं तिने जाहीर केलं. सासरे गेले त्या दुपारी भोंग्याने केलेली परीक्षा तिच्या लेखी फुकट होती, कारण भावाने तेव्हा गाडी नुकतीच आणून थांबवली होती. धावून आलेल्या माणसाला चालता येतं का, हे बघण्यात काय अर्थ?

सकाळी घरातली चारही माणसं खाली उतरली, थोरला पायऱ्यांवरच चष्मा पुसत. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. गल्लीला फुकटचा तमाशा कधी नको असतो?

"रोज गाडी कोण चालवतं? तुम्ही ना, जावईबापू? बसा. रोज करता तसंच करा."

थोरला बसला. अबोल, पोक काढून चालणारा, मोठ्या भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहायचं टाळलं. किल्ली लावली. टिंग. मग त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. काही विसरल्यासारखी किल्ली मागे घेतली, परत पुढे नेली. टिंग. पट्टा ओढून लावला आणि मग किल्ली पूर्ण फिरवली.

गाडी एका फटक्यात चालू झाली.

"बघा!" भोंगा गरजला. "बघा सगळ्यांनी! रात्रभर थंड पडलेली गाडी! आता काय म्हणणं आहे फौजदारांचं?"

हे नाव याला कुठून कळलं कोण जाणे. आत्याच्या कानशिलाशी रक्त तापलं. समोरच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. भाची पायरीवर मटकन खाली बसली.

"आत्या," ती पुटपुटली, "मला खरंच किल्ली फिरवता येत नाही का गं?"

तिचा स्वतःवरचाच विश्वास उडायला लागला होता. माणसाला दहा जणांनी दहा वेळा खोटं म्हटलं की ते घडतंच. आत्याने हे ऐकलं आणि तिच्या रागाला धार आली.

४

"गाडी बंद करा," आत्या म्हणाली. "आणि संध्याकाळपर्यंत कुणी शिवायचं नाही."

"आता आणखी कशाला?" भोंगा म्हणाला.

"कारण मी सांगते म्हणून!"

दिवसभर ती गाडीभोवती पाठीमागे हात बांधून फिरली. बॅटरी चांगली होती, ठिणगीही पडत होती. मग उरतं ते पेट्रोल. पण पेट्रोल नीट येत नसेल तर ते नवऱ्याला यायचं आणि बायकोला यायचं नाही, असं कसं होईल? गाडीला माणसं ओळखता येत नाहीत. तिला स्वतःचाच संताप आला. सकाळी काहीतरी डोळ्यांसमोर घडून गेलं होतं आणि ते तिच्या हाती लागत नव्हतं.

संध्याकाळी ती तंत्रशाळेतून पेट्रोलचा दाब मोजायचं गेज घेऊन आली. ते नळीला जोडलं आणि भाचीला गाडीत बसवलं. बाकीचे भोवती उभे होते.

"त्या सकाळी केलंस तसं कर. हुबेहूब."

भाचीने किल्ली लावली. टिंग, आणि लगेच घरघर. जोरदार, पण कोरडी. तिने सोडली, पुन्हा मारली. घरघर. मागच्या सीटकडे बघत सासूबाईंनी पदर तोंडात धरला. तोच आवाज, अगदी तोच.

"तिच्या हातालाच यश नाही!" भोंगा म्हणाला.

"तोंड मिटा," आत्या गेजवर वाकून म्हणाली, "आणि इकडे बघा. हा काटा बघा."

काटा जेमतेम उठायचा. भाचीने किल्ली सोडली की मान टाकायचा. आत्याने किल्ली हातात घेतली. इंजिन चालू होईपर्यंत तिने ती सोडली नाही. काटा ताठ वर चढला. मग तिने इंजिन बंद केलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काटा खाली उतरायला लागला, आणि उतरत उतरत तळाला जाऊन टेकला.

"जुना हातपंप पाहिलाय का कुणी? वायसर गेलेला? पाणी वर टिकत नाही, परत खाली जातं. मग पहिले दांडे कोरडेच मारावे लागतात. हे तेच. मागच्या सीटखाली टाकीत पंप आहे. वर चढलेलं पेट्रोल धरून ठेवणारी त्यातली झडप गेलीये. गाडी उभी राहिली की पेट्रोल परत टाकीत. सकाळी नळी रिकामी. ही पोरगी किल्ली मारायची, पेट्रोल चढायला लागायचं, ही सोडायची, ते पुन्हा उतरायचं. सोडायची का, तर तिला तसं शिकवलं होतं म्हणून!"

भाचीने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. गाडी खरोखरच चालू होत नव्हती. ती खोटं बोलली नव्हती.

"मग दादाच्या हाताने सकाळी कशी काय झाली?" भोंग्याने विचारलं. आवाज लहान होता. पहिल्यांदाच त्याने काहीतरी कळावं म्हणून विचारलं होतं.

आत्याने गेजची नळी गुंडाळता गुंडाळता स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आणि सकाळपासून हातातून निसटणारी गोष्ट तिच्या हाती लागली.

"वर चला," ती म्हणाली. "सगळे."

५

बैठकीच्या खोलीत ती बसली नाही. इतरांना मात्र तिने बसायला लावलं.

"विहीणबाई, रोज सकाळी किती वेळा टिंग होतं?"

"दोनदा."

"त्या दिवशी?"

"एकदाच. पण ते मी आधीच..."

"तुम्ही खरं तेच सांगितलंत. अर्थ तेवढा आपण सगळ्यांनी उलटा लावला." आत्या थोरल्याकडे वळली. "किल्ली पहिल्या घरात नेली की टिंग होतं आणि पंप जरा वेळ चालतो, मग आपसूक थांबतो. तेवढ्यात नळी अर्धी भरते. किल्ली मागे घेऊन पुन्हा लावली की पंप पुन्हा चालतो. नळी पूर्ण भरते. त्यानंतर सेल्फ मारला की गाडी एका फटक्यात चालू. बरोबर, जावईबापू?"

थोरल्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला.

"पुसू नका! सकाळी पायऱ्या उतरताना पुसला होतात, तो गाडीत बसून पुन्हा पुसलात. घाण कुठे होती त्यावर? तुम्हाला थांबायचं होतं. एखादा माणूस किल्ली लावून सवयीने थांबेल, तेही मी समजू शकते. पण किल्ली लावून, मागे घेऊन, परत लावणं ही सवय आपोआप लागत नाही. ती कुणीतरी शिकवावी लागते. आणि ती शिकवणारा आधी सांगतो, की तुमच्या गाडीत काय बिघडलंय. तुमच्या गॅरेजवाल्याला मी फोन लावू, की तुम्हीच बोलताय?"



"पंप बदलावा लागेल म्हणाला होता," थोरला जमिनीकडे बघत म्हणाला. "तोवर किल्ली दोनदा लावा म्हणाला."

"कधी?"

"झाले काही महिने."

"काही महिने!" भोंगा उठून उभा राहिला. "आणि सांगितलं का नाहीस?"

"बाबा नको म्हणत होते ना जुनी गाडी. मी हट्टाने घेतली. पंप गेलाय म्हटलं असतं तर जेवताना, उठता-बसता ऐकवलं असतं, मी म्हटलं नव्हतं का? एकदाही माझं काही बरोबर नसायचं त्यांच्या लेखी. निदान ही गाडी तरी..."

म्हणजे एका बापाने टोमणा मारू नये म्हणून मुलाने गाडीचं दुखणं लपवलं, आणि त्याच गाडीत बापाचा जीव गेला. आत्याला त्याची क्षणभर कीव आली. पण त्याची बायको समोर बसली होती, आणि ती कीव तिथेच विरली.

"ते जाऊ दे," आत्या म्हणाली. "वडील होते तोवर त्यांची भीती. पण वडील गेल्यावर? हिला भर गल्लीत खुनी म्हटलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की ही खरं बोलतेय. जगात तुम्हाला एकट्यालाच ठाऊक होतं!"

"आज सांगीन, उद्या सांगीन, असं रोज ठरवत होतो."

"आणि ती बॅग घेऊन निघाली, तेव्हा तुम्ही तिला दार उघडून दिलंत!"

भाची उठली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"मी तुम्हाला फोन केला होता."

थोरल्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"गाडीत बसून केला होता. बाबा मागे कण्हत होते, तुम्हालाही ऐकू येत असेल. मी म्हटलं, गाडी चालू होत नाहीये. तुम्ही म्हणालात, पुन्हा मार, होईल चालू. किल्ली मागे घे, परत लाव, एवढंच सांगायचं होतं तुम्हाला. एवढंच. का नाही सांगितलंत?"

प्रश्न थोरल्याला होता. उत्तर भोंग्याने दिलं. तो भिंतीला टेकला होता आणि त्याचा आवाज इतका खाली आला होता की सगळ्यांना कान द्यावे लागले.

"मी शेजारी बसलो होतो," तो म्हणाला. "मित्राच्या गाडीत, दादाच्या शेजारी. फोन आला तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड खिडकीकडे केलं. मला वाटलं, बाबांमुळे घाबरलाय." तो भावाकडे वळला. "दादा, मला कळू नये म्हणून? माझ्यासमोर कबूल करावं लागू नये, एवढ्यासाठी?"

"मला वाटलं, होईलच चालू," थोरला म्हणाला. "रोज होते."

६

सासूबाई उठल्या. त्यांनी आत्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली. थोरल्यासमोर त्या थांबल्या तेव्हा वाटलं, त्या त्याला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रोज सकाळी खिडकीशी उभी राहून मी ते दोन टिंग ऐकायचे," त्या म्हणाल्या. "मनात म्हणायचे, माझा थोरला किती सावकाश, किती नीट काम करतो. ह्यांनाही सांगायचे. आणि त्याच कानांनी ऐकून मी हिला दोष लावला."

त्यांनी किल्ली सुनेच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ बंद केली.

"तुला जायचं असेल तर जा. राहायचं असेल तर राहा. पण जाशील तर बॅग घेऊन पायी जायचं नाही. गाडीतून जायचं, आणि भर दिवसा."

"वहिनी," भोंगा म्हणाला, "मी गल्लीत ओरडलो होतो. आता गल्लीतच जाऊन सांगतो."

"तुम्ही नका सांगू," भाची म्हणाली. "मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्ली जागी होऊन चहाला बसली असताना, ती खाली उतरली. बॅग मागच्या सीटवर ठेवली. सगळ्या काचा खाली केल्या. आत्या शेजारी बसली. थोरला पायरीवर उभा होता, चष्मा न पुसता.

"किल्ली मागे घे, परत लाव," आत्या म्हणाली. "एका फटक्यात होईल."

"माहीत आहे मला."

तिने किल्ली लावली. टिंग एकदाच झालं. मग तिने ती सरळ शेवटापर्यंत फिरवली आणि घट्ट धरून ठेवली.

घरघर सुरू झाली. जोरदार, कोरडी. समोरची खिडकी उघडली. शेजारची उघडली. पलीकडच्या गॅलरीत कुणीतरी कप हातात घेऊन येऊन उभं राहिलं. त्या सकाळी सासऱ्यांनी मागच्या सीटवरून ऐकलेला आवाज आता सगळी गल्ली ऐकत होती. कुणी आत जाईना, कुणी हसेना. भाची समोर बघत बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात जराही हलत नव्हता.

बॅटरी बसेल, असं आत्याच्या तोंडावर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिने गाडीच्या बाबतीत तोंड बंद ठेवलं.

शेवटी इंजिनाने पकड घेतली. भाचीने आरशात पाहिलं, पट्टा लावला आणि गाडी गल्लीबाहेर काढली.